मंद आचेवरच्या कांड्या

रविवारी दुपारी दोन वाजता शिट्टीकाकांनी चीजचा ठोकळा ओट्यावर ठेवला, शेजारी पोलादी फूटपट्टी ठेवली आणि दोन्हींकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. एकतीस वर्षे अग्निशमन दलात काढलेला हा माणूस. जळत्या गोदामांत शिरला होता, तळघरांतून माणसे खांद्यावर टाकून आणली होती, एकदा तर ज्या छपरावर चढून पाणी मारत होता त्या छपरासकट खाली आला होता. पण स्वतःच्या स्वयंपाकघरात तेलाची कढई चढवायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती.

हे संकट त्यांनी स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतले होते. लेक दुसऱ्या गावी राहायची. दीड वर्षापूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून तिचा रोज फोन यायचा आणि रोज एकच प्रश्न असायचा, "बाबा, काय खाल्लंत?" खरे उत्तर ब्रेड आणि उकडलेली अंडी हे होते. ते त्यांनी इतक्या वेळा दिले होते की बुधवारी त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"आज चीजच्या कांड्या तळल्या," ते म्हणाले.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"कुणी?"

"कुणी म्हणजे? मी."

"आईच्या कांड्या? तळल्या? तुम्ही?"

"अगं, त्यात काय एवढं? चीज, मैदा, ब्रेडचा चुरा. काही रॉकेट सोडायचं नाहीये."

 मग लेक अगदी गोड आवाजात म्हणाली, "छान. मग रविवारी चारला येते मी. तुमच्या हातच्या कांड्या खायला घाला. खरंच जमत असतील, तर तुम्हाला माझ्याकडे न्यायचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाहीतर बॅग भरायची. तुमची खोली तयारच आहे, पडदेसुद्धा लावलेत."

लेकीचे काही चुकत नव्हते, हीच तर अडचण होती. "उद्या तिथे चक्कर येऊन पडलात तर दोन दिवस कुणाला पत्ता लागणार नाही," असे ती म्हणायची. पण चौथ्या मजल्यावरचे हे घर सोडायचे त्यांच्या जिवावर आले होते. इथे काकूंचा डबा काकूंच्या जागी होता, काकूंचा चमचा काकूंच्या खणात होता. झारा आणि उलथने लटकायचे त्या खिळ्यांच्या रांगेत काकूंची झालरवाली गुलाबी प्लास्टिकची अंघोळीची टोपीही तशीच लटकत होती. अंघोळीची टोपी स्वयंपाकघरात का, हे काकांना कधी कळले नव्हते. विचारायचे राहून गेले, आणि आता हलवायचा धीर होत नव्हता.

शिट्टीकाका हे नाव इमारतीने ठेवलेले, अर्थात त्यांच्या माघारी. इमारतीच्या आगसुरक्षेचे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले होते. दर तीन महिन्यांनी गळ्यात शिट्टी आणि हातात स्टॉपवॉच घेऊन ते खाली अंगणात उभे राहायचे आणि इमारत रिकामी करण्याचा सराव घ्यायचे. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई सरावाला चहाचा कप घेऊन उतरायच्या. शेजारच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे नुसतेच 'बाई' म्हणत, हातातले शब्दकोडे सुटले की मगच जिन्याला पाय लावायच्या. सहा वर्षांतली सर्वांत चांगली वेळ होती अकरा मिनिटे. "अकरा मिनिटांत माणसाची राख होते," असे काका ओरडायचे आणि लोक माना डोलावून घरी जायचे.

प्रत्येक स्वयंपाकघरात धुराची घंटा बसवावी आणि ती इमारतीच्या भोंग्याला जोडावी, ही योजनाही त्यांचीच. इतरांनी "आमच्याकडे स्वयंपाक होतो हो काका" असे सांगून नम्रपणे नकार दिला, त्यामुळे घंटा एकट्या काकांच्या घरात बसली. ती दोन मिनिटे वाजत राहिली की खालचा मोठा भोंगा आपोआप सुरू व्हायचा. भोंगा बंद करायचे बटण मात्र फक्त वॉचमनच्या केबिनमध्ये होते. कुणी आळसाने घरबसल्या बंद करू नये म्हणून तशी सोय काकांनीच केली होती. नव्या घरात भिंती कोरड्या व्हायच्या आधी ती घंटा त्यांनी काकूंच्या डोक्यावर बसवली होती.

काकू कांड्या तळायच्या त्या नेहमी काका घराबाहेर असताना. नोकरीत होते तेव्हा ड्यूटीवर गेल्यावर. निवृत्त झाल्यावर रविवारी साडेतीनच्या सुमारास ते खाली काही कामाला गेले की परत येईपर्यंत बशी तयार असायची. काकांना तेल तापलेल्या खोलीत उभे राहवत नसे, हे फक्त काकूंना ठाऊक होते. काकांनी विझवलेल्या निम्म्या आगी कुठल्यातरी कढईतून निघाल्या होत्या, आणि त्या घरांतली माणसे त्यांना अजून आठवत होती. "फार मोठी आच ठेवत नाहीस ना?" ते विचारायचे. "छे हो, मंद आचेवरच तळते," काकू म्हणायच्या. ही एवढीच पाककृती काकांपाशी होती, आणि तिच्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

त्यांनी फूटपट्टीने मोजून बोटाएवढ्या वीस कांड्या कापल्या. एकही कांडी दुसरीपेक्षा जाड नव्हती. त्या मैद्यात घोळवल्या, पाण्यात कालवलेल्या पातळ मैद्यात बुडवल्या, ब्रेडच्या चुऱ्यात लोळवल्या, पुन्हा बुडवल्या, पुन्हा लोळवल्या आणि तासभर फ्रीजरमध्ये ठेवल्या. इथवर सगळे शिस्तीत पार पडले. हे काकूंनी त्यांच्यासमोर अनेकदा केले होते, कारण यात आग नव्हती.

तीन वीसला त्यांनी काकूंचा फुलाफुलांचा एप्रन बांधला आणि दलातले जुने हेल्मेट डोक्यावर चढवले. ओल्या घोंगडीची घडी उजव्या हाताशी, आग विझवायचे नळकांडे डाव्या हाताशी ठेवले. मग हात पूर्ण लांब करून गॅस पेटवला. कढईत तापमापक सोडला होता. तेल दोनशेच्या पुढे धुमसू लागते हे त्यांना पाठ होते. म्हणजे शंभराच्या आसपास ठेवले की धोका निम्मा, असा त्यांनी हिशेब केला. काकूंची मंद आच ती हीच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

पहिल्या पाच कांड्या तेलात गेल्या आणि तळाशी जाऊन गप बसल्या. ना चुर्र, ना फस्स. काकांना बरे वाटले. इतके सभ्य तळण त्यांनी पाहिले नव्हते. चार मिनिटे झाली तरी रंग बदलेना. सहाव्या मिनिटाला कांड्या फुगल्या, त्यांची अंगे उकलली आणि आतले चीज हळूच बाहेर येऊन तेलात फिरू लागले. काकांनी झारा घातला तेव्हा वर आली ती पाच रिकामी टरफले.

त्यांनी विचार केला. चीज वितळले. चीज कशाने वितळते? उष्णतेने. म्हणजे उष्णता जास्त झाली. त्यांनी आच आणखी कमी केली.

दुसऱ्या पाच कांड्यांची टरफलेसुद्धा उरली नाहीत. तिसऱ्या खेपेला काकांनी आच इतकी बारीक केली की ज्योत पाहायला वाकावे लागले. या वेळी पाच कांड्यांनी एकमेकींना मिठी मारली आणि चुऱ्याने माखलेला एक लिबलिबीत गोळा तयार झाला. काकांनी तो झाऱ्याने उचलला. गोळा वर आला, पण त्याची हातभर लांब तार कढईच्या काठावरून खाली उतरली आणि तेलासकट थेट बर्नरवर जाऊन पडली.

धूर असा उठला की विचारू नका. डोक्यावरची घंटा किंचाळू लागली.

आता मात्र काका खरोखर आपल्या क्षेत्रात आले. गॅस बंद केला, कढईवर झाकण टाकले. काम झाले होते. धोका संपला होता. खिडकी उघडली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण 'आगीला हवा मिळू देऊ नका, दारे-खिडक्या लावून घ्या' हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षे शाळा-शाळांतून शिकवले होते. त्यांनी धावत जाऊन घरातली एकूण एक खिडकी लावली. बर्नरवरचे चीज शांतपणे करपत राहिले, धूर शहाण्यासारखा घरातच राहिला, घंटा वाजत राहिली, आणि बरोबर दोन मिनिटांनी इमारतीचा भोंगा सुरू झाला.

काकांनी इंटरकॉम उचलला.

"अरे, भोंगा बंद कर! मी बोलतोय!"

"नाही करता येणार काका," वॉचमनचा आवाज ताठ होता. "नियम तीन. वरून कुणीही फोन करून बंद कर म्हटलं, तरी बंद करायचा नाही."

"तो नियम मीच केलाय!"

"हो ना. तुम्ही म्हणाला होतात, अगदी मी स्वतः सांगितलं तरी ऐकू नकोस. माणूस धुरात गोंधळतो."

"मी गोंधळलेलो नाही. नुसतं चीज करपलंय!"

"काका, तुम्ही खाली या बघू," वॉचमन लहान मुलाशी बोलावे तसा बोलला. "घाबरू नका. लिफ्ट घेऊ नका. मी बंबाला फोन केलाय. नियम चार."

काकांनी रिसीव्हर ठेवला आणि बाहेरच्या खोलीची खिडकी उघडली, ओरडून सांगावे म्हणून. आणि तिथेच त्यांचा हात एप्रनच्या खिशातल्या स्टॉपवॉचकडे गेला, जे भोंगा वाजताच त्यांनी सवयीने सुरू केले होते.

इमारत उतरत होती. खरोखर उतरत होती. दुसऱ्या मजल्यावरचा गाण्याचा मास्तर शिष्येसकट, तिसऱ्या मजल्यावरचे म्हातारे जोडपे हातात हात घालून, एक बाई साबणाच्या फेसाने भरलेल्या केसांनी. डॉक्टरीणबाई आज चहाचा कप घेऊन आल्या नव्हत्या. त्यांच्या हाताला धरून एक पेशंट होता, गळ्यात कागदी रुमाल, तोंड उघडे आणि तोंडात कापसाचे बोळे. कुणी रेंगाळत नव्हते, कुणी मागे वळत नव्हते. मजल्यांप्रमाणे रांगा लागल्या. शेवटचा माणूस रांगेत उभा राहिला तेव्हा काकांनी बटण दाबले आणि चष्मा वर करून पाहिले. चार मिनिटे दहा सेकंद. त्यांचे डोळे भरून आले, त्यात धुराचाही वाटा होता.

"आग नाहीये!" ते खिडकीतून ओरडले. "चीज आहे!"

भोंग्यापुढे त्यांचा आवाज कुठे पोचणार? खालच्यांना दिसले ते एवढेच की चौथ्या मजल्याच्या खिडकीतून धुराचे लोट निघताहेत आणि त्यात हेल्मेट घातलेले शिट्टीकाका दोन्ही हात हलवताहेत.

"धीर धरा काका!" डॉक्टरीणबाई तोंडाशी हात धरून ओरडल्या. "बंब येतोय!"

"सगळे घरी जा!" काका हातवारे करत म्हणाले.

खाली रांगा आणखी घट्ट झाल्या. कारण नियम नऊ असा होता की यादीतला प्रत्येक माणूस मोजला गेल्याशिवाय कुणीही अंगणातून हलायचे नाही. चौथ्या मजल्याची यादी बाईंच्या हातात होती. त्यांनी मान वर केली. चाळीस वर्षे भूमिती शिकवून कमावलेला त्यांचा आवाज भोंग्यालाही कापून वर आला.

"एक माणूस कमी आहे! तुम्ही आल्याशिवाय आम्ही इथून हलणार नाही!"

मग काका निघाले. जिन्याने, नियमाप्रमाणे भिंतीला धरून, हातात झारा तसाच. अंगणात पोचले तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि पेशंटने बोळ्यांच्या आडून काहीतरी आनंदाचे म्हटले. बाईंनी यादीवर खूण केली. आयुष्यभर फळ्यावर फूटपट्टीशिवाय सरळ रेघ ओढलेल्या बाईंची ती खूण चौकटीबाहेर गेली. काकांच्या नावाखाली काकूंचे नाव होते. यादी दरवर्षी नवी करायची जबाबदारी काकांची होती, आणि दीड वर्ष त्यांनी ती केली नव्हती. बाईंनी ते नाव वाचले नाही, नुसते पान उलटले.

"खूण वाकडी आलीय तुमची," काका म्हणाले.

"तीनदा दार बडवलं मी. ऐकू आलं नाही?"

"हेल्मेट होतं."

"हेल्मेट होतं म्हणे!" बाईंनी पेन पर्समध्ये टाकले आणि पर्स उगाचच जोरात मिटली.

वॉचमनने भोंगा बंद केला. काकांनी स्टॉपवॉच पुढे केले. "चार मिनिटं दहा सेकंद! सहा वर्षं घसा फोडतोय, कधी अकराच्या खाली आला नाहीत. आज काय झालं?"

"सहा वर्षं तुम्ही खाली होतात," बाई म्हणाल्या. "आज वर होतात."

काकांनी स्टॉपवॉच खिशात ठेवले. डॉक्टरीणबाईंनी मात्र बारकावा सोडला नाही. "तुम्हाला धरून एकोणीस मिनिटं झाली काका. आजवरची सगळ्यात वाईट वेळ."

तेवढ्यात बंब आला. त्यातून उडी मारून उतरलेला अधिकारी काकांच्या हाताखाली तयार झालेला होता. तो झपाझप वर जाऊन पाहून आला आणि नोंदवही उघडून काकांसमोर अवघडून उभा राहिला.

"सर, कारण काय लिहू? 'किरकोळ' लिहितो."

"कारणाच्या रकान्यात किरकोळ लिहायचं नाही, किती वेळा शिकवलंय?" काकांनी हेल्मेट काढून बगलेत धरले. "लिही. तळणाची कढई."

"आणि हलगर्जीपणा कुणाचा?"

"घरमालकाचा. वय, पासष्ट. अनुभव, एकतीस वर्षं."

अधिकाऱ्याने मान खाली घालून लिहिले. काकांनी सहीसाठी वही घेतली, आणि सही करताना त्यांना फाटकात उभी असलेली लेक दिसली. चार वाजून दहा मिनिटे झाली होती. तिच्यासमोर बंब होता, रांगेत उभी इमारत होती, कापूस कोंबलेला एक अनोळखी माणूस होता, आणि मधोमध फुलाफुलांच्या एप्रनमधला तिचा बाप हातात झारा घेऊन आपल्याच चुकीच्या अहवालावर सही करत होता. नव्या खोलीचे पडदे काकांच्या डोळ्यांसमोर फडफडून गेले.

दोघे जिना चढून वर आले.  स्वयंपाकघरात तिने खिडकी उघडली, करपलेला बर्नर पाहिला, कढईवरचे झाकण उचलून आतला तेलकट चिखल पाहिला.

"आच किती ठेवली होतीत?"

"मंद. तुझी आई ठेवायची तशी."

लेकीने त्यांच्याकडे पाहिले. मग खिळ्यावरची गुलाबी टोपी काढली, स्टूल ओढले, त्यावर चढली आणि छतावरच्या घंटेला ती टोपी एका झटक्यात बसवली. झालर घंटेभोवती अशी चपखल बसली की जणू तिच्या मापाचीच शिवली होती.

काका खाली बसले. "हे काय आहे?"

"आईची पद्धत."

"कधीपासून?"

"घंटा लावलीत त्या आठवड्यापासून. बाबा, आई मंद आचेवर कधीच तळायची नाही. मंद आचेवर कांड्या होतच नाहीत, फुटतात. तेल कडकडीत लागतं. बाहेरचं कवच चटकन धरलं पाहिजे, म्हणजे आतलं चीज आत राहतं."

"पण ती मला म्हणायची..."

"तुम्हाला झोप लागावी म्हणून म्हणायची."

काकांनी मान वर करून त्या टोपीकडे पाहिले. मग हळूहळू एकेक गोष्ट त्यांच्या ध्यानात येऊ लागली. "निवृत्त झाल्यावर दर रविवारी साडेतीनला ती मला खाली पाठवायची. म्हणायची, 'अहो, तळमजल्यावरच्या त्या नळकांड्याची सुई खाली आलेली दिसतेय, जरा बघून या.'"

"कधी खाली आलेली होती?"

"एकदाही नाही," काका म्हणाले. "तरी मी पाचही नळकांडी तपासून यायचो. अर्धा तास लागायचा."

"पंचवीस मिनिटं. तुम्ही शेवटच्या नळकांड्याशी पोचलात की वॉचमन फोन करायचा, 'काकू, टोपी!' आई टोपी काढायची, खिडकी लावायची, बशी भरायची. एक बशी बाईंकडे, एक डॉक्टरीणबाईंकडे, एक वॉचमनला. सगळ्या इमारतीला ठाऊक होतं बाबा. तुमच्या घरात काकू असताना घंटा वाजायची नाही, आणि काकू गेल्यावर तर तुम्ही कढई चढवणारच नाही. त्यामुळे आज वाजली, तेव्हा त्यांना वाटलं, खरंच काहीतरी झालं."

काकांना प्रथम राग आला. एकतीस वर्षे शहराला सुरक्षा शिकवली आणि घरात डोक्यावर गुलाबी टोपी होती. मग राग गेला, आणि जे उरले ते फार वेगळे होते. तिला आगीची भीती नव्हती. तिला त्यांच्या भीतीची काळजी होती. इतकी वर्षे ती काळजी तिने त्यांना एकदाही दिसू दिली नव्हती, आणि वर कांड्याही खाऊ घातल्या होत्या. त्यांनी एप्रनच्या टोकाने डोळे पुसले. लेकीने तिकडे पाहिले नाही. ती फ्रीजर उघडत होती.

"पाच उरल्यात. मी तळू?"

काका दाराकडे सरकले होते. तिथून परत फिरले.

"नको. पैज माझी आहे."

नवे तेल घातले. काकांनी आच मोठी केली. तापमापकाचा काटा शंभराच्या पुढे गेला, दीडशेच्या पुढे गेला, आणि काकांच्या कपाळावर घाम आला. लेक शेजारी उभी राहिली, हात न लावता. एकशे ऐंशीला ती म्हणाली, "आता." काकांनी कांड्या सोडल्या. कढई फसफसून बोलू लागली. हा आवाज त्यांनी आयुष्यभर दाराबाहेरून ऐकला होता आणि प्रत्येक वेळी पावले मागे घेतली होती. या वेळी ते जागचे हलले नाहीत. पाऊण मिनिटात पाच सोनेरी कांड्या झाऱ्यावर आल्या, एकही न फुटता.

लेकीने एक मोडली. आतले चीज लांबलचक ताणले गेले. तिने खाल्ली, डोळे मिटले आणि काही वेळ ते उघडलेच नाहीत.

काकांना धीर धरवेना. "बॅग भरू?"

"मी येताना सगळं पाठ करून आले होते," लेक म्हणाली. "तुम्ही इथे एकटे आहात, काही झालं तर दोन दिवस कुणाला कळणार नाही, वगैरे. आणि फाटकात पाहते तर एवढी माणसं उन्हात उभी. का, तर एक कमी होता म्हणून. आता मी काय बोलू?" तिने दुसरी कांडी उचलली. "ते पडदे मी दुसऱ्या खोलीत लावते."

काकांनी उरलेल्या तीन कांड्यांची बशी घेतली आणि शेजारी बाईंचे दार वाजवले. तीनदा, जोरात.

पुढच्या सरावाची सूचना फळ्यावर लागली ती अशी, 'रविवार, दुपारी साडेतीन. सरावानंतर कांड्या.' त्या दिवशी काका तीन पंचवीसला वरची शेवटची खेप उतरवून, मोठे ताट घेऊन खाली आले, तर सगळी इमारत आधीच अंगणात रांगा लावून उभी होती. डॉक्टरीणबाईंबरोबर तो पेशंटही आला होता, आता तोंड मिटून.

"अजून भोंगा वाजला नाही!" काका ओरडले. "वेळेआधी उतरलात तर मी मोजू काय?"

"ताट खाली ठेवा आणि हजेरी घ्या," बाई म्हणाल्या. "गार होतील."

काकांनी यादी नवी केलेली नव्हती. बाईंनी ती वाचायला घेतली. काकांचे नाव आले. काका "हजर" म्हणाले. बाईंची नजर खालच्या ओळीवर गेली आणि तिथेच थबकली. या वेळी त्यांनी पान उलटले नाही. चष्मा सारखा केला आणि काकूंचे पूर्ण नाव स्पष्ट वाचले. अंगणात कुणी हलले नाही. वर चौथ्या मजल्याच्या उघड्या खिडकीतून तळणाचा वास येत होता.

"हजर," वॉचमन म्हणाला. त्याचे तोंड भरलेले होते.

दुसऱ्याच्या वतीने हजेरी देणे हा नियम बाराचा भंग होता, आणि नियम बारा फार कडक होता. शिट्टीकाकांनी वॉचमनकडे वळून पाहिले. मग ताटातली आणखी एक कांडी उचलून त्याच्या हातावर ठेवली आणि बाईंना म्हणाले, "खूण करा."